ओट्स : दवाखान्यातून तव्यावर

आपल्याकडे ज्वारी आली शेतातून, नाचणी आली डोंगरउतारावरून, आणि ओट्स आले ते थेट दवाखान्यातून. रक्ताचा अहवाल हाती येतो, त्यात कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे एक तारांकित खूण असते, आणि डॉक्टर गोळीचं नाव लिहिता लिहिता सहज म्हणतात, ‘‘सकाळी नाश्त्याला ओट्स घेत चला.’’ संध्याकाळी घरात पुडा येतो. दुसऱ्या दिवशी गरम दुधात किंवा पाण्यात ते चमचाभर ढवळले जातात, त्याची खळ होते, आणि ती खळ माणूस डोळे मिटून गिळतो. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात ‘आज पोहेच कर’ सुरू होतं. तिसऱ्या आठवड्यात तो पुडा रबरबँड लावून फडताळाच्या मागच्या रांगेत जातो आणि पुढे दिवाळीच्या साफसफाईत सापडतो.

आमच्याकडेही तो असाच आला. यांचा जन्म भाकरीवर गेलेला. त्यांनी दोन दिवस ती वाटी मुकाट्याने संपवली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘अगं, हे जेवण आहे की भिंतीला लावायची लांबी?’’ प्रश्न थट्टेचा होता, पण खरा होता. जी गोष्ट आयुष्यभर खायची, ती औषधासारखी गिळून चालत नाही. ती जेवण व्हावी लागते. आणि आपल्या घरात पिठाचं जेवण होतं ते तव्यावर. म्हणून आज मी तुम्हाला ओट्सची पोटभरीची धिरडी कशी करायची ते सांगणार आहे. नुसती कृती नाही. हे धान्य मुळात काय आहे, त्याने पोटाला आधार का मिळतो आणि ते तव्यावर असं का वागतं, हेही सांगणार आहे. कारण ‘का’ कळलं की ‘कसं’ आपोआप हाताला येतं.

घोड्यांचं आणि माणसांचं

ओट हे थंड, ओलसर हवेचं पीक. स्कॉटलंड आणि इंग्लंडचा उत्तरेकडचा भाग इथे उन्हाळा छोटा, पाऊस फार, जमीन आंबट. तिथे गहू नीट पिकत नाही, पण ओट तग धरतो. त्यामुळे तिकडच्या गरीब शेतकऱ्याचं ते रोजचं अन्न होतं, जसं आपल्याकडे कोरडवाहू भागात ज्वारी-बाजरी. श्रीमंत दक्षिणेकडे गहू होता, तिथे ओट घोड्यांना घालत. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा शब्दकोश सिद्ध केला. त्यात ‘ओट्स’ या शब्दाचा अर्थ देताना त्यांनी एक चिमटा काढला आहे : इंग्लंडात हे धान्य घोडे खातात आणि स्कॉटलंडमध्ये माणसं, अशा आशयाचा. हा चिमटा पुढे फार गाजला.

गंमत पुढेच आहे. जॉन्सनसाहेबांचे चरित्रकार जेम्स बॉस्वेल हे स्वतः स्कॉटलंडचे. १७७६ मध्ये ते जॉन्सनबरोबर त्यांच्या जन्मगावी, स्टॅफर्डशायर परगण्यातल्या लिचफील्डला गेले. तिथे सकाळच्या न्याहारीला त्यांच्यापुढे आलं काय, तर ओटाचं धिरडं! स्कॉटलंडसारखं कडक, कुरकुरीत नव्हे, तर मऊ. ज्या धान्याची टिंगल केली ते खुद्द जॉन्सनच्या गावातली माणसं चवीने खातात, हे पाहून बॉस्वेलना मनापासून आनंद झाला आणि त्यांनी तो नोंदवून ठेवला.

हसायला आपणही मोकळे नाही. आपल्या शेतकऱ्यांना ‘ओट’ म्हटलं की दुभत्या जनावरांचा रब्बीतला हिरवा चाराच आठवतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले हरिता’ नावाचा ओटाचा वाण दिला आहे, तोही चाऱ्यासाठीच. म्हणजे गोठ्यात हे पीक कधीचंच आलेलं आहे, स्वयंपाकघरात तेवढं उशिरा आलं.

खिडकीतून विकली जाणारी धिरडी

लिचफील्डमध्ये बॉस्वेलनी खाल्लं त्या मऊ धिरड्याचं आजचं माहेरघर म्हणजे त्याच परगण्याच्या उत्तरेला असलेलं स्टोक-ऑन-ट्रेंट. हे चिनी मातीच्या भांड्यांचं गाव. वेजवूडची भांडी जगभर गेली ती इथल्याच भट्ट्यांतून. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. भट्टीवर आणि खाणीत उतरणाऱ्या माणसाला पहाटे असं काहीतरी लागे, जे स्वस्त असेल, हातात धरून खाता येईल आणि दुपारपर्यंत पोटाला धरून राहील. ओटाचं भरड पीठ, थोडं गव्हाचं पीठ, पाणी आणि यीस्ट एकत्र करून ते फुगू द्यायचं आणि सपाट तापलेल्या तव्यावर पातळ पसरायचं. वर चीज, डुकराच्या मांसाचे खारवलेले काप असं काही घालून गुंडाळी करायची. तिकडे याला ‘ओटकेक’ म्हणतात. पण नावावर जाऊ नका. दिसायला हुबेहूब आपलं धिरडं. वर जाळी पडलेलं, कडेला तांबूस आणि मधे मऊ.

चाळीतल्या एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत तवा मांडायचा आणि रस्त्याकडच्या खिडकीतून गिऱ्हाइकाला गरम धिरडं द्यायचं, अशी तिथली रीत होती. हॅन्ली भागातलं ‘होल इन द वॉल’ हे अशा प्रकारचं शेवटचं दुकान. नावाचा अर्थच भिंतीतलं भोक. पुनर्विकासात ती वस्ती हलली आणि २०१२ मध्ये ती खिडकी बंद झाली. खिडकी गेली तरी पदार्थ गेला नाही. तिथल्या दुकानांत आणि बाजारात ही धिरडी आजही मिळतात, आणि रविवार सकाळचा नाश्ता म्हणजे हाच, असं मानणारी घरं आजही आहेत.

या पदार्थाची एक दंतकथा आपल्या कामाची आहे. स्टॅफर्डशायरच्या पलटणीतले सैनिक एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून परतले, इथल्या पोळ्या-धिरड्यांची चव त्यांच्या जिभेवर राहिली होती, म्हणून त्यांनी घरी ओटाच्या पिठाची तशी नक्कल केली, असं सांगतात. ऐकायला आपल्याला फार बरं वाटतं. पण बॉस्वेलची नोंद १७७६ ची आहे; तेव्हाच हे मऊ धिरडं तिथल्या न्याहारीत होतं. त्यामुळे ही कथा टिकत नाही. मला वाटतं, खरी गोष्ट कथेपेक्षा साधी आहे आणि अधिक चांगली आहे. ज्या धान्याची लाटून पोळी होत नाही, त्याचं पीठ पातळ करून तव्यावर ओतायचं, ही युक्ती चूल असलेल्या प्रत्येक मुलखातल्या बाईला आपापली सुचली. कोकणात तांदळाचं घावन झालं, देशावर धिरडं झालं, स्टॅफर्डशायरात ओटकेक झाला.

पोटात काय घडतं?

आता डॉक्टरांकडे परत येऊ. ओट्सचं एवढं कौतुक कशासाठी? त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, त्यासाठी. ओट्स शिजवल्यावर जी बुळबुळीत खळ होते, जिच्यामुळे माणसं नाक मुरडतात, ती याच तंतूची. म्हणजे नको वाटतो तोच भाग कामाचा.

हा तंतू पोटात पाणी धरून दाट होतो. त्यामुळे अन्न जठरातून हळूहळू पुढे सरकतं, साखर रक्तात एकदम न चढता सावकाश चढते, आणि अकरा वाजता बिस्किटांच्या डब्याकडे हात जात नाही. दुसरं काम आतड्यात चालतं. अन्नातले स्निग्ध पदार्थ पचवायला यकृत पित्त पाठवतं. त्यातली पित्ताम्लं एरवी बरीचशी परत शोषली जाऊन पुन्हा वापरली जातात. ही दाट खळ त्यातली काही अडकवते आणि शरीराबाहेर नेते. मग यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात, आणि त्यासाठी कच्चा माल लागतो तो कोलेस्टेरॉल. तो रक्तातून उचलला जातो. इतकं सरळ हे गणित आहे.

गणित म्हटलं की माप आलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पुड्यावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दल दावा छापायला परवानगी दिली, तेव्हा अट घातली ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनची. ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के असतं. म्हणजे ३ ग्रॅम मिळवायला दिवसाला सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स हवेत. आता आठवून बघा, दुधात किती घालतो आपण? दोन-तीन मोठे चमचे, म्हणजे २०-२५ ग्रॅम. एवढ्याने पुड्यावर लिहिलेला फायदा कसा मिळणार? आणि ७५ ग्रॅमची खळ एका बैठकीत गिळणं कुणालाही कठीण. पण ७५ ग्रॅम ओट्सची तीन धिरडी माणूस सहज खातो. तव्याचा मुद्दा चवीपुरता नाही तो असा. तव्यामुळे माप पूर्ण होतं.

अर्थात मापात राहून बोललं पाहिजे. रोज एवढे ओट्स काही आठवडे खाल्ल्यावर वाईट कोलेस्टेरॉल साधारण ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास उतरतं. हा उपयोग खरा आहे, पण तो मदतीचा आहे. त्याच्या भरवशावर कुणीही आपली गोळी मनाने बंद करू नये. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर नाश्ता बदलताना डॉक्टरांच्या कानावर घालावं.

पुडा कोणता घ्यावा?

दुकानात ओट्सचे चार-पाच प्रकार दिसतात. धान्य एकच, फरक गिरणीतला आहे. टरफल काढलेला दाणा नुसता कापला की ‘स्टील कट’. तो शिजायला २५-३० मिनिटं घेतो. दाणा वाफवून रुळांखाली चपटा केला की ‘रोल्ड’, म्हणजे आपल्या जाड पोह्यांसारखे. दाण्याचे तुकडे करून अधिक पातळ दाबले की ‘क्विक’, पातळ पोह्यांसारखे. आणि शिजवून, फारच पातळ करून वाळवले की ‘इन्स्टंट’. दाणा जितका बारीक आणि पातळ, तितका तो लवकर पचतो आणि साखर लवकर चढते. धिरड्यासाठी रोल्ड किंवा क्विक घ्या. पाकिटावरची घटकांची यादी वाचा. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी, असा नियम आहे. साध्या ओट्सच्या पाकिटावर एकच नाव हवं : ओट्स. मसाला किंवा फळांच्या स्वादाच्या पुड्यात मीठ-साखर किती, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. त्यासाठी चष्मा लावायचे कष्ट घ्यावेत. मसाला तर आपल्या डब्यात आहेच.

एक गोष्ट गृहिणींनी लक्षात ठेवावी. ओट्समध्ये स्निग्धांश १०० ग्रॅमला ७ ग्रॅमच्या आसपास असतो. गव्हाच्या कितीतरी पट. शिवाय तो स्निग्धांश फोडून कडू करणारं विकरही दाण्यातच असतं. म्हणूनच गिरणीत दाणा आधी वाफवतात. त्याने ते विकर मरतं. तरीही उघडलेला पुडा आपल्या दमट हवेत महिनोन् महिने ठेवला की खवट होतो. वास घेऊन पाहा. जुन्या तेलासारखा वास आला, जिभेवर कडवटपणा राहिला, तर तो पुडा टाकून द्या. लहान पुडा आणावा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. स्वस्त पडतो म्हणून दोन किलोचा आणू नये.

आता तव्याकडे

दोन माणसांचं माप सांगते. सहा धिरडी होतील, प्रत्येकी तीन.

ओट्स १५० ग्रॅम. म्हणजे चहाचे मोठे दोन कप. त्यातले निम्मे मिक्सरमधून बारीक फिरवून घ्या, आणि निम्मे फक्त एकदा गर्रकन फिरवून रवाळ ठेवा. निम्मे-निम्मे का? सगळंच पीठ बारीक केलं तर धिरडं चिकट होतं आणि पचतंही लवकर. सगळंच भरड ठेवलं तर ते तव्यावर तुटतं. बारीक पीठ धरून ठेवतं, भरड भाग दाताला लागतो आणि पोटात टिकतो.

यात ५० ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे कणीक घाला. कारण असं : गव्हात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन असतं, त्याची जाळी पिठाला एकत्र बांधते. ओट्समध्ये ते नाही. ज्वारीची भाकरी करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कशी तडकते, आणि मग गरम पाण्याने पीठ मळून ती कशी सांभाळावी लागते, ते तिला ठाऊक असतं. स्टॅफर्डशायरच्या बायकाही ओटाच्या पिठात गव्हाचं पीठ मिसळतात ते याच कारणाने. कणीक नको असेल तर तेवढंच बेसन घ्या. बेसनही छान धरतं आणि प्रथिनं वाढतात. अंडं चालत असेल तर एक अंडं सगळ्यात उत्तम.

आता एक कप, म्हणजे २५० मिलिलिटर, जरा आंबट ताक आणि तेवढंच पाणी घाला. अर्धा चमचा मीठ, किसलेलं आलं, एक-दोन हिरव्या मिरच्या वाटून, अर्धा चमचा जिरे, मूठभर कोथिंबीर. ढवळून झाकून ठेवा. किती वेळ? निदान अर्धा तास. हा अर्धा तास चुकवायचा नाही. धिरडं तुटलं असं सांगणाऱ्या दहा जणींतल्या आठ जणींनी तो चुकवलेला असतो. ओट्स पाणी सावकाश पितात. सुरुवातीला पीठ पातळ ताकासारखं दिसतं, म्हणून आपण घाईने आणखी ओट्स घालतो, आणि मग पंधरा मिनिटांत त्याचा गोळा होतो. वाट पाहिली की तो बीटा-ग्लुकन पाण्यात सुटतो आणि पिठाला बांधतो. ग्लुटेनचं अर्धं काम तोच करतो. सकाळी वेळ नसेल तर रात्रीच ताकात भिजवून फ्रीजमध्ये ठेवा. उलट, अधिक चांगलं होतं.

अर्ध्या तासाने पळी बुडवून पाहा. पीठ पळीवरून सलग धारेने पडलं पाहिजे. डोशाच्या पिठाहून किंचित पातळ. दाट वाटलं तर पाव कप पाणी घाला. तवा तापत ठेवल्यावर, अगदी शेवटी, पाव चमचा खायचा सोडा घाला. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होतात, आणि धिरड्याला जाळी पडते. ते बुडबुडे फार वेळ थांबत नाहीत, म्हणून सोडा घातल्यावर पंधरा-वीस मिनिटांत धिरडी उरकावीत. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि रंग पिवळट होतो. ताक गोड असेल तर अर्धं लिंबू पिळा.

तवा बिडाचा असेल तर सोन्याहून पिवळं. नॉनस्टिकही चालेल. पाण्याचा थेंब टाकला की तो थयथयत नाचून उडून गेला पाहिजे. नुसताच बसून उकळला तर तवा थंड आहे. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तवा पुसून घ्या. तेल कमी लागतं, वास सुंदर येतो. आच मध्यम करा, एक मोठी पळी पीठ मधोमध ओता आणि पळीच्या बुडाने हलकेच वर्तुळात पसरा. डोशासारखं कागदाइतकं पातळ करायला जाऊ नका. त्याला तेवढी ताकद नाही. बांगडीच्या जाडीचं ठेवा. बारीक चिरलेला कांदा, किसलेलं गाजर असं काही घालायचं तर पिठात न मिसळता आता वरून भुरभुरवा. भाज्यांना पाणी सुटतं आणि पीठ सैल होतं.

झाकण ठेवा, दीड-दोन मिनिटांनी काढा. वरची ओलसर चकाकी गेली असेल, जाळी पडली असेल आणि कडा आपोआप तव्यापासून सुटल्या असतील, तेव्हाच उलथनं घाला. ओट्सचं धिरडं पहिल्या मिनिटात फार नाजूक असतं. ते आतून शिजलं की स्वतःच सुटतं. ओढून काढलेलं तुटणारच. दुसरी बाजू एक मिनिट. पहिलं धिरडं मनासारखं न निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. आमच्या सासूबाई म्हणायच्या, पहिलं धिरडं तव्याचं, दुसऱ्यापासून माणसांची.

सोबत काय?

एका माणसाच्या तीन धिरड्यांतून साधारण सव्वाचारशे उष्मांक आणि १३-१४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तुलनेला सांगते : ७५ ग्रॅम पोह्यांतून प्रथिनं मिळतात ती ५ ग्रॅमच्या आसपास. पोह्यांवर माझा राग नाही, पण पोहे खाऊन अकराला भूक का लागते, त्याचं उत्तर यात आहे. सोबत घट्ट दही, शेंगदाण्याची चटणी, उकडलेलं अंडं किंवा मोडाची उसळ घेतली तर दीड वाजेपर्यंत कुणी काही मागत नाही. स्टोककरांसारखं मधे काही घालून गुंडाळायचं असेल तर कोरडा झुणका घाला. डब्यात न्यायलाही सोयीचं. सकाळच्या गाडीत उभ्याने खाता येतं.

मुलांना गोड आवडतं. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या घरांत करतात तशी जाड, छोटी धिरडी करा. ओट्स ताकाऐवजी दुधात भिजवायचे, एक अंडं फेटून घालायचं, सोड्याच्या जागी एक चमचा बेकिंग पावडर, एक पिकलेलं केळं कुस्करून आणि चिमूटभर दालचिनी. पीठ इडलीच्या पिठाइतकं दाट ठेवायचं आणि तळहाताएवढी धिरडी घालायची. केळ्याची गोडी पुरते. वर मध किंवा काकवीची धार सोडली तर तो सणच. पण रोज नको. साखरेचा पाक ओतून ओट्स खाल्ले, तर डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट आपण डॉक्टरांविरुद्धच वापरली असं होईल.

थोडं तारतम्य

दोन-तीन सूचना करते. ज्यांच्या आहारात तंतू कमी आहे त्यांनी पहिल्याच दिवशी तीन धिरडी खाऊ नयेत; पोटात वायू धरतो. एकापासून सुरुवात करावी, पाणी भरपूर प्यावं. ज्यांना गव्हाचं वावडं म्हणजे सिलिॲक आजार आहे, त्यांनी कणीक तर टाळावीच, पण ओट्सही जपून घ्यावेत. शेतात, गिरणीत त्यात गव्हाची भेसळ सहज होते, आणि काहींना ओट्समधलं प्रथिनही सोसत नाही.

आणि कुणाला ओट्स परवडत नसतील, आवडत नसतील, तर मनाला लावून घेऊ नये. हाच बीटा-ग्लुकन जवात, म्हणजे बार्लीत भरपूर आहे, आणि जव आपल्या देशात पिकतात. जवाच्या पिठाचं धिरडं याच रीतीने करता येतं. फक्त त्यात ग्लुटेनसारखी प्रथिनं असल्यामुळे सिलिॲकच्या रुग्णांनी ते घेऊ नये. ज्वारी-नाचणीत हा विशिष्ट तंतू तसा नसतो, पण अख्ख्या धान्याचा कोंडा, लोह, नाचणीतलं कॅल्शियम हे तिचं तिचं देणं आहे. आठवड्यात चार दिवस ओट्स, दोन दिवस ज्वारी, एक दिवस घरच्यांचा हट्ट, अशी वाटणी केली तर कुणालाच शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही.

पथ्य पाळणाऱ्या माणसाला घरात एक विचित्र एकटेपणा येतो. सगळ्यांच्या ताटात एक, त्याच्या वाटीत दुसरंच. तो दुखण्यापेक्षा त्या वाटीला कंटाळतो आणि मग पथ्य सोडतो. तव्यावरच्या धिरड्याचा मला सर्वांत मोठा फायदा दिसतो तो इथे. एकच पीठ, एकच तवा, आणि ज्याला डॉक्टरांनी सांगितलं आहे तो आणि ज्याला काहीच झालेलं नाही तो नातू, दोघेही एकाच ताटलीतून गरम धिरडं ओढतात. रक्ताचा अहवाल काय यायचा तो सवडीने येईल. पण पुडा फडताळाच्या मागच्या रांगेत जाणार नाही, एवढं मात्र खात्रीने सांगते.